मैदान आधी की वर्ग? अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांचा फुटबॉल हंगाम आणि आपण



२०२० मध्ये आपल्या सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता. शाळा कधी उघडणार? जूनपासून आपण मोबाईलच्या पडद्यावर शिकवत होतो, मुलं जमेल तशी शिकत होती आणि पालक रोज नव्या परिपत्रकाची वाट पाहत होते. अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांपुढे हाच प्रश्न त्या उन्हाळ्यात वेगळ्या रूपात आला: यंदा फुटबॉलचा हंगाम होणार की नाही?

वरवर पाहिलं तर हा खेळाचा प्रश्न आहे. पण थोडं खोलात गेलं की दिसतं, हा फीचा, नोकऱ्यांचा, आरोग्याचा आणि मुलांशी खरं बोलण्याचा प्रश्न आहे. माझं मत सुरुवातीलाच स्पष्ट मांडते. कॉलेज उघडायचं की नाही हे आधी ठरावं, मैदानाचं त्यानंतर. आणि जे काही ठरेल ते घरच्यांनी फी भरायच्या आत सांगावं. आशेवर ताटकळत ठेवण्यापेक्षा वेळेवर दिलेला नकार मुलांसाठी कितीतरी बरा.

हा खेळ कोणता, ही कॉलेजं कोणती?

इथे फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पायाने खेळतात तो नव्हे. हा अमेरिकन फुटबॉल. लांबट चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर जाड पॅड. अकरा विरुद्ध अकरा. दोन्ही बाजूंचे धिप्पाड गडी समोरासमोर वाकून उभे राहतात आणि चेंडू सुटला की एकमेकांवर आदळतात. कबड्डीत चढाई करणाऱ्याला पाचजण मिळून धरतात ना, तसं काहीसं, पण सामनाभर पुन्हा पुन्हा. शारीरिक अंतर नावाची गोष्ट या खेळात शक्यच नाही.

कॉलेजच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संस्थेने कॉलेजांचे तीन विभाग केले आहेत. टीव्हीवर दिसणारी, लाखभर प्रेक्षकांची स्टेडियम असलेली विद्यापीठं पहिल्या विभागात. तिसऱ्या विभागात, म्हणजे डिव्हिजन थ्रीमध्ये, सुमारे ४४० कॉलेजं आहेत. बहुतेक खासगी, आणि पुष्कळांची पटसंख्या दोन हजारांच्या आत. त्यातल्या अडीचशेच्या आसपास कॉलेजांत फुटबॉलचा संघ आहे. या विभागाचा मोठा नियम असा, की खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही. म्हणजे इथला खेळाडू आधी विद्यार्थी असतो. तो फी भरतो, वर्गात बसतो, प्रयोगशाळेत जातो आणि संध्याकाळी मैदानावर उतरतो. पुढे व्यावसायिक खेळाडू होणारा यांच्यात अगदी विरळा.

तिकीट नाही, पट महत्त्वाचा

आता प्रश्न पडेल, प्रेक्षक थोडे, टीव्हीचे पैसे नाहीत, मग हंगाम गेला तर कॉलेजचं काय बिघडतं? इथेच खरी मेख आहे.

छोट्या कॉलेजात फुटबॉलचं उत्पन्न तिकिटांतून येत नाही, प्रवेशातून येतं. एका संघात शंभराच्या आसपास मुलं असतात. कॉलेजचा पट हजाराचा असेल तर दहातला एक विद्यार्थी फुटबॉलपटू झाला! २०२० च्या सुमारास खासगी कॉलेजची छापील फी सरासरी वर्षाला ३६ हजार डॉलरच्या आसपास होती. त्यात निम्मी सवलत दिली असं धरू. तरी माणशी १८ हजार डॉलर उरतात. शंभर मुलांचे झाले १८ लाख डॉलर. राहण्याजेवणाचा खर्च वेगळा. हा ढोबळ हिशेब आहे, पण त्यावरून अंदाज येतो.

मिशिगन राज्यातल्या एड्रियन कॉलेजने ही वाट उघडपणे धरली. २००५ च्या सुमारास तिथला पट हजाराच्याही खाली गेला होता. कॉलेजने नवे संघ काढले, मैदानं बांधली, प्रशिक्षकांना विद्यार्थी आणण्याचं काम दिलं. काही वर्षांत पट दीड हजाराच्या पुढे गेला. मग इतर छोट्या कॉलेजांनीही तोच मार्ग घेतला. हायस्कूलमध्ये खेळलेल्या मुलाला सांगायचं, "मोठ्या विद्यापीठात तू बाकावर बसशील, आमच्याकडे खेळशील." मुलगा येतो, फी येते, आणि त्या फीवर इतिहासाच्या आणि गणिताच्या प्राध्यापकांचा पगार निघतो.

विनाअनुदानित शाळेत शिकवणाऱ्यांना हे जास्त समजावून सांगायला नको. पट घसरला की शिक्षकाच्या पोटात गोळा का येतो, ते त्यांना ठाऊक आहे.

आणि ही भीती पोकळ नाही. इलिनॉय राज्यात जॅक्सनविल गावी १८४६ साली स्थापन झालेलं मॅकमरे कॉलेज २०२० च्या मे महिन्यात कायमचं बंद झालं. त्याची आर्थिक घडी आधीपासून विस्कटलेली होती, त्यात साथ आली. पावणेदोनशे वर्षांची संस्था, तिचा फुटबॉल संघ, तिथले शिक्षक आणि कर्मचारी, सगळं एका सत्रात संपलं. म्हणून एखादं कॉलेज "आम्ही उघडणार आणि खेळणारही" म्हणतं, तेव्हा त्याला लगेच बेजबाबदार म्हणण्याची घाई करू नये. त्या वाक्यामागे अनेकांच्या चुली असतात.

कोणी काय ठरवलं?

२०२० साली मार्चच्या १२ तारखेला एनसीएएने हिवाळी आणि वसंत ऋतूतल्या राष्ट्रीय स्पर्धा रद्द केल्या. मुलं घरी गेली. फुटबॉलचा हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर, त्यामुळे हातात काही महिने होते. पण या खेळाची एक अडचण अशी की सरावासाठी खेळाडू ऑगस्टमध्येच, इतर विद्यार्थ्यांच्या आधी, वसतिगृहात येतात. म्हणजे कॉलेज उघडण्याबद्दल अजून चर्चाच चालू असताना शंभर मुलांना बोलवायचं की नाही, हे ठरवावं लागतं. मैदान वर्गाच्या पुढे धावतं ते असं.

मेन राज्यातल्या बोडिन कॉलेजने २२ जूनलाच निर्णय जाहीर केला. शरद सत्रात मुख्यतः प्रथम वर्षाचे विद्यार्थी कॉलेजात राहतील. ज्यांना घरून शिकणं शक्यच नाही अशांनाही जागा मिळेल. बाकीचे ऑनलाइन शिकतील. आणि या सत्रात आंतरमहाविद्यालयीन सामने होणार नाहीत. आधी कॉलेजात किती मुलं सुरक्षित राहू शकतील ते ठरलं, खेळाचा निर्णय त्यातून आपोआप निघाला. मला हा क्रम योग्य वाटतो. १० जुलैला बोडिन ज्या गटात खेळतं त्या एनईएससीएसी गटाने सगळाच शरद हंगाम रद्द केला.

तुम्ही म्हणाल, बोडिनला काय झालं, त्यांच्या गंगाजळीत दीड अब्ज डॉलरपेक्षा जास्त रक्कम आहे. बरोबर आहे. श्रीमंताला लवकर नाही म्हणणं सोपं जातं. म्हणून दुसरं उदाहरण पाहा. अटलांटाचं मोरहाऊस कॉलेज, कृष्णवर्णीय मुलांसाठी उभी राहिलेली ऐतिहासिक संस्था. मार्टिन ल्यूथर किंग इथलेच, १९४८ चे पदवीधर. हे कॉलेज दुसऱ्या विभागात खेळतं, म्हणजे तिथे खेळाची शिष्यवृत्ती असते. बोडिनइतका पैसा त्यांच्याकडे नाही. तरी २६ जूनला त्यांनी फुटबॉल हंगाम रद्द केला आणि खेळाडूंची शिष्यवृत्ती चालू राहील हेही सांगून टाकलं. अमेरिकेत या साथीने कृष्णवर्णीय घरांवर जास्त आघात केला आहे. अशा घरांतून आलेल्या मुलांची जबाबदारी त्यांनी ओळखली, असं मी म्हणेन.

त्यानंतर जुलैच्या मध्यावर एनसीएएची मार्गदर्शक तत्त्वं आली. फुटबॉलसारख्या अंगाला अंग भिडणाऱ्या खेळात सामन्याआधीच्या ७२ तासांत चाचणी हवी. आता पुन्हा हिशेब करा. शंभर खेळाडू, दहा सामने, आणि चाचणीला शंभर डॉलर धरले तर एक लाख डॉलर झाले. यात प्रशिक्षक धरलेले नाहीत, आणि अहवाल ७२ तासांत मिळेलच याची खात्रीही नाही. छोट्या कॉलेजला हे झेपणार कसं? त्यामुळे तिसऱ्या विभागातल्या गटांनी एकामागून एक माघार घेतली, आणि ५ ऑगस्टला दुसऱ्या आणि तिसऱ्या विभागाच्या शरद ऋतूतल्या राष्ट्रीय स्पर्धाच रद्द झाल्या. २०१९ च्या डिसेंबरात नॉर्थ सेंट्रल कॉलेजने अंतिम सामना ४१-१४ असा जिंकला होता. २०२० मध्ये त्यांना ते विजेतेपद राखण्याची संधीच मिळाली नाही.

उलट मोठ्यांकडे पाहा. चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने १० ऑगस्टला वर्ग सुरू केले आणि रुग्ण वाढल्यामुळे आठवड्यातच पदवीचे वर्ग ऑनलाइन नेले. पण तिथला फुटबॉल संघ हंगामाच्या तयारीतच होता. वर्ग असुरक्षित आणि मैदान सुरक्षित, हे कोणत्या तर्कात बसतं? बिग टेन आणि पॅक-१२ या मोठ्या गटांनी ११ ऑगस्टला शरद हंगाम पुढे ढकलला खरा, पण तेव्हा बाकीचे तीन मोठे गट खेळण्यावर ठाम होते. टीव्हीच्या करारांचं वजन किती असतं, ते यातून कळतं.

गमावलं काय, तेही मान्य करू

"एक हंगाम गेला तर काय झालं?" असं मी म्हणणार नाही. क्रिकेट खेळणारा मुलगा कॉलेज सुटल्यावरही रविवारी मैदानावर जाऊ शकतो. फुटबॉलचं तसं नाही. पॅड, हेल्मेट, दोन्हीकडे मिळून बावीस गडी, सोबत वैद्यकीय मदत, हे सगळं कॉलेजबाहेर जुळत नाही. शेवटच्या वर्षाच्या मुलासाठी हा हंगाम म्हणजे आयुष्यातला शेवटचा फुटबॉल होता. आठवी-नववीपासून घाम गाळलेल्या मुलाचं हे दुःख छोटं नाही.

शिवाय काही प्रशिक्षक म्हणतात की संघात मुलं शिस्तीत राहतात. घरी पाठवलं तर अभ्यास सुटतो, काहींच्या घरी इंटरनेटसुद्धा नसतं. यात तथ्य आहे. पण त्याचं उत्तर सामने हे नव्हे. बोडिनने केलं तसं, ज्याला घर सोयीचं नाही त्याला कॉलेजात जागा द्या. छोट्या गटात अंतर ठेवून व्यायाम घ्या. सामन्याविना संघ टिकवता येतो.

मला खटकतं ते वेगळंच. काही ठिकाणी जुलै संपेपर्यंत "पाहू, आशा आहे" असंच सांगितलं गेलं. मुलांनी फी भरली, वसतिगृहात सामान लावलं, आणि मग कळलं की हंगाम नाही. ज्या मुलाला खेळाच्या वचनावर प्रवेश दिला, त्याला ते वचन डळमळतंय हे फी घेण्याआधी सांगायला नको का?

परदेशी विद्यार्थ्यांनीही जुलैमध्ये अशीच टांगती तलवार पाहिली. ६ जुलैला अमेरिकन सरकारने सांगितलं की सगळे वर्ग ऑनलाइन असतील तर परदेशी विद्यार्थ्याला देशात राहता येणार नाही. १४ जुलैला तो नियम मागे घेतला गेला. त्या आठ दिवसांत पुण्या-मुंबईतल्या किती आईवडिलांची झोप उडाली असेल! अनिश्चिततेचं ओझं नेहमी मुलांच्या आणि पालकांच्या डोक्यावरच येऊन पडतं.

वसंतात खेळू म्हणणाऱ्यांसाठी

तेव्हा अनेक गट म्हणत होते, २०२१ च्या वसंतात छोटा हंगाम घेऊ. माझा विरोध नाही. पण चार अटी असाव्यात:

१. वर्ग नीट भरत असतील तरच मैदान उघडावं. वर्ग ऑनलाइन आणि सामने प्रत्यक्ष, असं नको.

२. चाचण्यांचा खर्च आणि व्यवस्था आधी दाखवावी. "जमवू काहीतरी" हे उत्तर चालणार नाही.

३. जो मुलगा भीतीपोटी किंवा घरच्या आजीआजोबांसाठी खेळायला नाही म्हणेल, त्याची संघातली जागा जाऊ नये.

४. निर्णयाची तारीख फी भरण्याच्या तारखेच्या आधीची असावी.

सामनेही मोजकेच असावेत. वसंतात पूर्ण हंगाम आणि पुन्हा सप्टेंबरात दुसरा, हे विशीतल्या शरीरालाही पेलणारं नाही.

आपण काय घ्यायचं?

फुटबॉल त्यांचा असेल, पण शेवटची अट आपल्यालाही लागू आहे. स्नेहसंमेलन, क्रीडा महोत्सव, सहल, सगळ्याबद्दल मुलं विचारतील. पालक फीबद्दल विचारतील. तेव्हा "वरून आदेश आला की सांगू" एवढंच म्हणून थांबू नका. आपल्या हातात काय आहे, काय नाही, आणि कोणत्या तारखेला नक्की कळेल, हे सांगा. मुलं नकार पचवतात. रोज थोडी थोडी लांबवलेली आशा त्यांना जास्त जड जाते.

आणि पालकहो, कोणतीही संस्था, इथली असो वा सातासमुद्रापारची, तुमच्या मुलाला खेळासाठी किंवा आणखी कशासाठी बोलवत असेल, तर एक प्रश्न जरूर विचारा: हे झालं नाही, तर आम्हाला कधी कळवाल? त्याचं सरळ उत्तर मिळालं तरच पुढचा विचार करा.