आवाज कोणाचा, आणि बटण कोणाच्या हातात?

जून २००७ मध्ये अमेरिकेतल्या 'बॅड ब्रेन्स' या बँडचा 'बिल्ड अ नेशन' हा अल्बम आला. वॉशिंग्टन शहरात तीस वर्षांपूर्वी एकत्र आलेली चार कृष्णवर्णीय माणसं पन्नाशीच्या आसपास पुन्हा तीच धावती, भिंती हलवणारी गिटार घेऊन उभी राहिली. असं काही घडलं की जाणकार मंडळींचं एक वाक्य ठरलेलं असतं: हा जुन्या दिवसांचा मोह आहे, वय वाढलं की कलावंतानं शांत व्हायला हवं.

आम्हाला हे वाक्य ओळखीचं वाटतं. "तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण जरा हळू बोला" हा सल्ला आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय. म्हणून या बँडच्या मोठ्या आवाजाकडे परतण्याबद्दल आंबेडकरी तरुणांशी बोलायचं आहे.

काहीजण विचारतील, वॉशिंग्टनच्या रॉक बँडशी आपला काय संबंध? संबंध जुना आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं, कारण अमेरिकेतले कृष्णवर्णीय आपला प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे नेत होते आणि तो मार्ग बाबासाहेबांना महत्त्वाचा वाटत होता. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनं नाव घेतलं ते ब्लॅक पँथरवरून. त्यांचं राजकारण आपण वाचलं, त्यांचं साहित्य वाचलं. त्यांच्या संगीतातूनही शिकायला हवं.

आधी 'बॅड ब्रेन्स'बद्दल. एच. आर. गायक, त्याचा भाऊ अर्ल हडसन ड्रमवर, गॅरी मिलर ऊर्फ डॉ. नो गिटारवर आणि डॅरिल जेनिफर बेसवर. सुरुवातीला ही पोरं 'माइंड पॉवर' नावानं जॅझ-फ्यूजन वाजवायची. हे वाजवायला अवघड संगीत आहे; बोटांना तयारी लागते, तालाची समज लागते. मग त्यांच्या कानावर पंक पडलं आणि त्याच तयार हातांनी ते इतकं वेगात वाजवू लागले की 'हार्डकोर पंक' नावाचा जो प्रकार पुढे देशभर पसरला, त्याच्या पायाच्या दगडांत या चौघांची गणना होते. १९८२ साली त्यांचा पहिला अल्बम आला तो कॅसेटवर. तिच्या मुखपृष्ठावर अमेरिकन संसदेच्या घुमटावर वीज कोसळताना दिसते. गाण्यातला राग कोणावर होता, हे चित्र पाहून कळतं.

आता यातली खरी गोम बघा. रॉक म्हणजे गोऱ्या पोरांचं संगीत, असं जगाला शिकवलं गेलं. खरं काय आहे? सिस्टर रोझेटा थार्प ही कृष्णवर्णीय स्त्री एल्व्हिसच्या कितीतरी आधी चर्चची गाणी इलेक्ट्रिक गिटारवर दणाणून वाजवत होती. 'हाउंड डॉग' हे गाणं १९५३ साली बिग मामा थॉर्नटनच्या आवाजात गाजलं. जगाला ते ठाऊक झालं १९५६ मध्ये, एल्व्हिसच्या आवाजात. चक बेरीच्या गिटारवर अख्खं रॉक अँड रोल उभं राहिलं. आणि कृष्णवर्णीयांच्या गाण्यांसाठी 'बिलबोर्ड' साप्ताहिक १९४९ पर्यंत 'रेस रेकॉर्ड्स' या नावाखाली वेगळी यादी छापत होतं. गाण्यांचासुद्धा वेगळा पाणवठा!

मग घराचा मालकच पाहुणा ठरला. गिटार घेतलेल्या कृष्णवर्णीय पोराला "हे तुमचं संगीत नाही" असं ऐकावं लागू लागलं. १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये व्हर्नन रीड आणि त्याच्या सोबत्यांना 'ब्लॅक रॉक कोअलिशन' ही संघटना काढावी लागली, ती याच अन्यायातून. आधी हिरावून घ्यायचं आणि मग "हे तुमच्या परंपरेत बसत नाही" म्हणून दार लावायचं. ही चाल आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज आहे का?

म्हणून 'बॅड ब्रेन्स'चा मोठा आवाज हा नुसता आवाज नव्हता, तो जमिनीच्या सातबाऱ्यावरचा दावा होता. पुढे हा बँड कितीदा मोडला, कितीदा जुळला. १९९३ आणि १९९५ मध्ये बड्या कंपन्यांकडून अल्बम निघाले, घडी नीट बसली नाही. २००२ साली जो अल्बम आला तो डबचा, म्हणजे रेगेच्या संथ, घुमणाऱ्या वाटेचा. त्यानंतर पाच वर्षांनी 'बिल्ड अ नेशन' आला आणि गिटार पुन्हा गरजली. निर्माता होता 'बीस्टी बॉइज'चा अ‍ॅडम यॉक. त्याच्या बँडची सुरुवातही न्यूयॉर्कच्या हार्डकोर पंकमध्येच झाली होती.

इथे एक गैरसमज नको. रेगे आणि डब हे कमी दर्जाचं किंवा कमी बंडखोर आहे असं आम्ही म्हणत नाही. तेही जमैकाच्या काळ्या माणसांनी घडवलेलं संगीत आहे आणि 'बॅड ब्रेन्स'च्या पहिल्या कॅसेटवर, २००७ च्या अल्बमवरही ते आहेच. मुद्दा असा की संथ कधी वाजवायचं आणि कानठळ्या कधी बसवायच्या, हे त्या चौघांनी ठरवलं. त्यांना तसं ठरवता आलं, कारण दोन्ही वाजवण्याची विद्या त्यांच्या हातात होती.

दुसरा गैरसमजही नको. या बँडला देव्हाऱ्यात बसवायचं नाही. समलिंगी कलावंतांशी ऐंशीच्या दशकात ते ज्या द्वेषानं वागले, त्याची नोंद पंकच्या इतिहासात आहे आणि तिचं समर्थन होऊ शकत नाही. एका शोषणाविरुद्ध ओरडणारा माणूस दुसऱ्या शोषणात सामील असू शकतो. राजकारणातली भक्ती ही अधःपतनाची वाट आहे, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. कलावंतांनाही तोच नियम लावू. घ्यायचं ते घेऊ, टाकायचं ते टाकू.

मग घ्यायचं काय? याच ठिकाणी आम्हाला आपल्याच माणसांशी भांडायचं आहे.

१४ एप्रिल जवळ आला की आवाजाचा वाद सुरू होतो. वर्षभर मिरवणुका, लग्नाच्या वराती आणि उत्सवांचे मांडव निमूट सहन करणाऱ्यांचे कान भीमजयंतीलाच दुखायला लागतात. त्यांना आमचं उत्तर सोपं आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती सगळ्यांना सारखी लावा, आम्ही पहिल्या रांगेत उभे राहून पाळू. फक्त निळा झेंडा दिसल्यावर नियमाचं पुस्तक उघडणार असाल, तर तुमची तक्रार आवाजाबद्दल नाही, आमच्याबद्दल आहे.

पण हे उत्तर देऊन आपण सुटत नाही. मिरवणुकीत जो डीजे, जो डॉल्बी आपण लावतो, तो आवाज आपला आहे का? वर्गणी आपल्या वस्तीची, घाम आपल्या पोरांचा, आणि भिंतीएवढे स्पीकर भाड्याचे. मालक वेगळा, जनरेटर वेगळा, बटण दुसऱ्याच्या बोटाखाली. बेस इतका की गाण्याचे शब्द बुडून जातात. ज्या गाण्यात बाबासाहेबांचा विचार आहे, त्यातला विचारच ऐकू येत नाही. रात्री गाडी निघून गेली की वस्तीत काय उरतं? ना एक वाजवणारा तयार झालेला असतो, ना एक गाणारा, ना एक लिहिणारा.

आपली परंपरा ही नाही. सत्यशोधक जलशातून आंबेडकरी जलसा उभा राहिला, तेव्हा भीमराव कर्डकांच्या जलशाला कोणती साउंड सिस्टिम होती? वामनदादा कर्डकांचं गाणं गावोगाव पोचलं ते कोणत्या स्पीकरच्या भिंतीवरून? तो आवाज मोठा होता, कारण शब्द ऐकू येत होते आणि माणसं स्वतः गात होती, स्वतः वाजवत होती.

कोणी म्हणेल, हलगी-डफ म्हणजे जातीनं लादलेलं काम, त्याकडे परत जायचं का? गुलामीकडे कोणी परत जात नाही. दुसऱ्याच्या दारात, हुकमावरून वाजवणं ही गुलामी. स्वतःच्या मंचावर, स्वतःच्या शब्दांसाठी वाजवणं हा हक्क. चेन्नईत जानेवारी २०१८ मध्ये 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' पहिल्यांदा मंचावर आली. वस्त्यांमधलं गाना संगीत आणि रॉकची गिटार त्यांनी एकत्र आणली आणि जातीविरुद्ध सरळ नाव घेऊन गायली. पुणे, नागपूर, औरंगाबादच्या पोरांना हे का जमू नये?

आमचं मंडळांना थेट आवाहन आहे. येत्या जयंतीला डीजेच्या भाड्यातला निम्मा पैसा बाजूला काढा. त्यातून एक गिटार घ्या, एक ड्रम सेट घ्या, ढोलकी घ्या, हलगी घ्या. बुद्धविहारात आठवड्यातून दोन संध्याकाळी पोरा-पोरींना बसवा, दोघांनाही, आणि शिकवणारा बोलवा. पहिल्या वर्षी बेसूर वाजेल. वाजू द्या. लोक हसतील. हसू द्या. तिसऱ्या वर्षी मिरवणुकीत आपलीच पोरं आपलंच गाणं वाजवत चालतील आणि शब्दन्‌शब्द रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऐकू जाईल.

'बॅड ब्रेन्स' पन्नाशीला मोठ्या आवाजाकडे परतू शकले, कारण विशीत त्यांनी हात तयार केले होते. भाड्यानं आणलेल्या आवाजाकडे कोणी परतत नसतं. तो दर वर्षी नव्यानं भाड्यानंच आणावा लागतो.

आवाज कमी करणार नाही. पण तो आता आमच्या हातातून निघेल.

जय भीम!