गॅस पेटला नाही म्हणजे काम नाही?

मी इंग्लंडमध्ये राहते. उन्हाळा आला की इथल्या मासिकांत 'न शिजवता, झटपट' पदार्थांची पानं येतात. सिलबब, ईटन मेस, काकडीची सँडविचेस. परवा वीस पाहुण्यांसाठी मी हे सगळं केलं. नवरा म्हणाला, "बरं झालं, आज तुला स्वयंपाक नव्हता!"

नव्हता? सिलबब म्हणजे क्रीम, शेरी, साखर, लिंबू. आंबटपणाने क्रीम घट्ट व्हायला मदत होते, विस्तव लागत नाही, हे खरं. पण फेटायला हात लागतो. १७४७ साली हॅना ग्लास यांनी आपलं पाकपुस्तक काढलं ते मोलकरणींना कळावं म्हणून. सिलबब त्यातही आहे. तेव्हा विजेचा बीटर कुठला! मालकिणीला तो सोपाच वाटला असणार, फेटणारं मनगट तिचं नव्हतं.

ईटन मेस तर मुलींना प्रवेश नसलेल्या शाळेचं नाव मिरवतो. त्यातलं मेरिंग विकतचं, म्हणजे भट्टी दुसऱ्या कुणीतरी तापवलेली. स्ट्रॉबेरी तोडायला परदेशातून मजूर येतात, बरेचसे सहा महिन्यांच्या व्हिसावर.

आणि सँडविच! काकडी सोला, पातळ कापा, मीठ लावून पाणी काढा, पावाच्या कडा छाटा. (त्या कडा मीच खाल्ल्या, उभ्याउभ्या.) पाककृतीवर वेळ छापलाय 'पंधरा मिनिटं'. फ्रीजमध्ये जागा करणं, वीस ग्लास घासणं त्यात कुठे आहे? तोही वेळ छापा.

येत्या रविवारी सिलबब नवरा करणार आहे. सोपा आहे म्हणे.