माल विका, पावती नको!

मागच्या बॅचमध्ये एका गायक मुलाने विचारलं, "सर, माझ्या गाण्यांचे एनएफटी काढू का? एक एजंट चाळीस हजार मागतोय. साऊंड सिस्टीमसाठी साठवलेत तेवढे." मी स्पष्ट सांगितलं, नको.

एनएफटी म्हणजे ब्लॉकचेनवरची एक नोंद. २०२१ मध्ये बीपल या कलाकाराच्या चित्राचा एनएफटी ख्रिस्टीजच्या लिलावात सुमारे ६.९ कोटी डॉलरला गेला आणि सगळ्यांचे डोळे दिपले. पण एनएफटी घेतला म्हणून कॉपीराइट आपोआप मिळत नाही. आपण दुकानात माल विकतो, पावती फुकट देतो. इथे पावतीच विकतात!

प्रत्येक पुनर्विक्रीत कलाकाराला रॉयल्टी मिळेल, असं सांगायचे. २०२३ मध्ये ओपनसी या मोठ्या बाजारानेच ती ऐच्छिक केली. आपल्याकडे तर नफ्यावर ३० टक्के कर, आणि तोटा दुसऱ्या कमाईतून वजाही करता येत नाही.

धंद्यात आधी एवढंच बघा: गिऱ्हाईक वस्तू स्वतःसाठी घेतंय, की फक्त पुढे विकायला? फक्त पुढे विकायलाच असेल, तर शेवटचा माणूस अडकणार.

त्या मुलाला म्हटलं, साऊंड सिस्टीमच घे. लग्नाच्या चार ऑर्डरी मिळव. तिथे ऐकणारा माणूस समोर असतो.