इंजिनातील काजळी आणि बाटलीतले औषध

सर्व्हिसिंगच्या बिलात हल्ली ‘फ्युएल सिस्टीम क्लीनर’ अशी एक ओळ आढळते. पेट्रोलच्या टाकीत ओतावयाची ही बाटली खरोखर उपयोगी आहे काय? याचे उत्तर आपल्या गाडीच्या इंजिनात दडलेले आहे.

इंजेक्टरच्या सूक्ष्म छिद्रांशी थर साचला की पेट्रोलचा फवारा बिघडतो. मग उभी गाडी थरथरते, उचल घेत नाही आणि पेट्रोलही अधिक लागते. पॉलीइथरअमाइन हे द्रव्य असलेला क्लीनर हा थर हळूहळू सोडवितो. अमेरिकेत तर १९९५ पासून पेट्रोलमध्येच थर रोखणारी द्रव्ये मिसळणे सक्तीचे आहे.

मात्र पेट्रोल जेथे पोहोचते तेथेच हे औषध लागू पडते. पोर्ट इंजेक्शनच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर फवारा पडतो, त्यामुळे तीही धुतली जाते. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जाते. तेथे क्लीनरचा लाभ इंजेक्टरपुरताच. ऑइलच्या वाफांनी व्हॉल्व्हवर साचलेला थर तसाच राहतो. तो काढण्यासाठी कारागीर भाग उघडून अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीचा मारा करतात.

म्हणून वाचकहो, गाडीच्या पुस्तिकेत इंजिनाचा प्रकार आणि कंपनीची सूचना प्रथम पाहावी. लक्षण नसताना दर वेळी बाटली घेणे म्हणजे मागणी नसलेला माल भरणे होय. आणि दोष स्पार्क प्लगचा वा तुंबलेल्या एअर फिल्टरचा असेल, तर बाटलीचे पैसे जातात व दोष जागेवरच राहतो. आधी निदान करून घ्यावे, मगच बिलास मान्यता द्यावी.