शिकवणीबरोबर भांडवलही हवे

‘धनिकांनी गरिबांना पैसा न देता उद्योजकता शिकवावी’ हे पत्र वाचले. हेतू चांगला, पण उपाय अपुरा आहे. पश्चिम बंगालमधील मुर्शिदाबादेत ‘बंधन’ या संस्थेने अतिगरीब स्त्रियांना गाय किंवा शेळ्या दिल्या, काही आठवडे पोटापुरता भत्ता दिला आणि सुमारे १८ महिने घरी जाऊन जनावरांची निगा, हिशेब, बचत शिकवली. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आदींच्या अभ्यासात १० वर्षांनंतरही या कुटुंबांचे उत्पन्न आणि खर्च तशाच इतर कुटुंबांपेक्षा अधिक आढळला. त्यामुळे फुकट मिळाले की माणूस आळशी होतो, हा आक्षेप टिकत नाही. उलट, घरात दाणा नसेल तर शिकलेली बाईही शेळी विकून मोकळी होते. दानशूरांनी नुसते वर्ग भरवू नयेत. भांडवल, भत्ता आणि घरभेटी या तिन्हींसाठी पैसा द्यावा.

– एक वाचक, सातारा