हात लावू नये!

मंडळी, आधीच सांगतो, हा लेख वाचून दोन-तीन जण माझ्याशी बोलायचे बंद होतील. होऊ देत.

गेल्या वर्षी गणेशोत्सवात आपल्या मंडळाने सभासदांच्या छंदांचे प्रदर्शन भरवले होते. नाणी, पोस्टाची तिकिटे, पितळी अडकित्ते, बरेच काही होते. कोपऱ्यातल्या टेबलापाशी मात्र माझे पाय थबकले. तामिया या जपानी कंपनीच्या रिमोट कंट्रोल गाड्यांची सहा खोकी तिथे रचली होती! (खोके या शब्दाला हल्ली महाराष्ट्रात भलताच अर्थ आलाय, पण मी आपल्या साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यांबद्दल बोलतोय.) सगळी १९८० च्या दशकातली, दुकानातून आणली तशीच, आतले भाग न जोडलेले. पुढे ठळक अक्षरांत पाटी, 'हात लावू नये'. समोर सात-आठ वर्षांचा एक मुलगा हात पाठीमागे बांधून उभा. आपल्या मराठी शाळेत जाणाऱ्या त्या पोराने स्वतःहून वाचलेले पहिले अख्खे मराठी वाक्य बहुधा तेच असावे!

त्याने विचारले, "काका, ही गाडी पळते का?" मालक हसून म्हणाले, "नाही रे बाळा, ही इन्व्हेस्टमेंट आहे."

माझे भांडण आहे ते या उत्तराशी.

मी १९८५ साली मिशिगनला शिकायला आलो. पहिल्या उन्हाळ्यात कॅफेटेरियात भांडी घासून साठवलेल्या पैशांतून मी तामियाची 'ग्रासहॉपर' घेतली. ही गाडी १९८४ ची. आईला पत्रातून फोटो पाठवला, तेव्हा तिने तिचे 'नाकतोडा' असे बारसे केले आणि अभ्यासाचे काय, असेही विचारले. गाडी म्हणजे खोकाभर सुटे भाग आणि एक पुस्तिका. मोटर, गिअर, चाके, स्प्रिंगा, सगळे आपण जोडायचे. रिमोट आणि बॅटरी वेगळी विकत घ्यायची. मी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पण गिअरबॉक्समध्ये डिफरन्शिअल काय करते हे मला वर्गात नाही, वसतिगृहाच्या फरशीवर मांडी घालून कळले. मागचे दोन्ही चाकांचे धूड गिअरबॉक्ससकट एकदमच वरखाली व्हायचे, त्यामुळे गाडी खड्ड्यावरून खरोखरच नाकतोड्यासारखी उड्या मारी. वेग कमी-जास्त करायला तेव्हा स्वस्त गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स नव्हते. एक सर्वो मोटर तांब्याची पट्टी इकडून तिकडे सरकवायची आणि उरलेली वीज एका रेझिस्टरमध्ये जळायची. त्या रेझिस्टरला चुकून बोट लागले की चहाच्या पातेल्याची आठवण व्हावी! निकेल-कॅडमियमची बॅटरी दहा-पंधरा मिनिटांत संपायची, मग चार्जिंगची वाट पाहत गप्पा.

रेडिओच्या तऱ्हा तर विचारू नका. सत्तावीस मेगाहर्ट्झमध्ये आम्हाला मोजून सहा चॅनेल मिळायचे, प्रत्येकाचा क्रिस्टल वेगळा, प्रत्येकाचा रंग ठरलेला. दोघांचा रंग एकच निघाला की एकाच्या रिमोटवर दुसऱ्याची गाडी गटारात! म्हणून ट्रॅकवर फळीला कपड्यांचे चिमटे लावलेले असत. आपल्या रंगाचा चिमटा हातात आल्याशिवाय रिमोट चालू करायचा नाही. अनोळखी गोऱ्या माणसांशी मी या देशात पहिल्यांदा मोकळेपणाने बोललो ते त्या फळीपाशी. "तुझा पिवळा का? मग मी थांबतो."

आता सांगा, यातले काय त्या बंद खोक्यात आहे?

संग्राहकांचे पहिले म्हणणे असे की खोके उघडले की वस्तूची किंमत जाते. बाजारात जात असेल, मान्य. पण खोके बंद ठेवले म्हणून गाडी जशीच्या तशी राहते, हा मात्र निव्वळ भ्रम. रबराला खोके बंद आहे हे कळत नाही. टायर हवेने कडक होतात, मग तडकतात. गिअरचे ग्रीस वाळते. स्टिकरचा डिंक सुकतो. आणि ही खोकी ठेवतात कुठे? बेसमेंटमध्ये, फर्नेस आणि वॉशिंग मशीनच्या मधल्या जागेत! उन्हाळ्यात दमट, हिवाळ्यात कोरडे ठक्क. एखादी खरोखर दुर्मिळ गाडी जपायचीच असेल तर हवामान राखणाऱ्या संग्रहालयाला द्या, मी स्वतः टाळ्या वाजवीन.

दुसरे म्हणणे जरा वजनदार आहे. चालवली की मोडणार, आणि जुने भाग मिळत नाहीत. एकेकाळी हे खरे होते. पण तामियाने २००४ साली 'हॉर्नेट' पुन्हा बाजारात आणली, २००५ साली 'ग्रासहॉपर' आणि 'फ्रॉग', २०१० साली 'सँड स्कॉर्चर'. असोसिएटेड कंपनीने आपली सोनेरी चासीची 'आरसी-१०' २०१३ साली पुन्हा काढली. या नव्या आवृत्त्यांचे पुष्कळसे भाग जुन्यांना बसतात. माझ्या १९८५ च्या नाकतोड्याला आज नवे टायर आहेत, नवे गिअर आहेत, आणि तो पळतो. गंमत पाहा, या नव्या आवृत्त्या आल्या तेव्हा माझ्या ओळखीचे दोन संग्राहक चक्क चिडले होते. आवडती गाडी पुन्हा मिळू लागली म्हणून चिडणारा माणूस त्या गाडीवर प्रेम करतो की तिच्या टंचाईवर, हे तुम्हीच ठरवा. (हो, एक पथ्य मात्र पाळा, थंडीत बर्फावर जुनी गाडी काढू नका. गारठलेले प्लॅस्टिक काडीसारखे मोडते. अनुभवाचे बोल!)

खरे तर हा आजार आपण डोंबिवलीहून, दादरहून, सदाशिव पेठेतून बरोबर आणलाय. आमच्या घरी काचेचे शोकेस होते. मामांनी १९७४ साली मस्कतहून आणलेली सेलवर चालणारी जपानी मोटार त्यात बसली होती. पाहुणे आले की दाखवायची, गेले की कुलूप. मी दहावी झाल्यावर ती माझ्या हाती आली. उघडून पाहतो तो आतले सेल पाझरून सगळ्या पट्ट्या हिरव्या झालेल्या. मोटार एक इंचही हलली नाही. मी तेव्हाच धडा घ्यायचा. घेतला नाही, कारण १९८८ साली मी स्वतः एक 'हॉर्नेट' घेऊन माळ्यावर बंद ठेवली. म्हणजे हा लेख लिहिणारा धुतल्या तांदळाचा नाही, हेही नोंदवून ठेवतो.

माझे मत पालटले ते एका मित्रामुळे. नाव लिहीत नाही, जुन्या सभासदांना कळेलच. आम्ही दोघांनी एकाच वर्षी छंद सुरू केला. १९८६ च्या उन्हाळ्यात मॉलच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये त्याच्याइतके बेफाम कोणी चालवत नसे. गाडी उलटली की हा स्वतः गाडीमागे ओरडत धावायचा! पुढे नोकरी, घर, मुलगा, आणि हळूहळू चालवणे सुटून जमवणे सुरू झाले. २०१९ साली तो गेला, तेव्हा बेसमेंटमध्ये सतरा खोकी होती.

वहिनींनी मला मदतीला बोलावले. मुलगा कॅलिफोर्नियाहून आला होता. त्याने 'फ्रॉग'चे खोके उघडले आणि टायर दाबला, तर तो पापडासारखा तडकला. मला म्हणाला, "काका, मला या गाड्यांबद्दल एकच आठवतं. डोन्ट टच." मग थोड्या वेळाने, "बाबांनी यातली एखादी तरी चालवली होती का?"

मी त्याला १९८६ चा उन्हाळा सांगितला. धावणारा, ओरडणारा, गुडघे फोडून घेणारा त्याचा बाप सांगितला. त्याचा विश्वासच बसेना. एकतीस वर्षे एका घरात राहून त्याला हा माणूस भेटलेला नव्हता, आणि सतरा खोकी मात्र नीट रचून ठेवली होती!

नवे टायर मागवले. तीन संध्याकाळी बसून आम्ही दोघांनी ती 'फ्रॉग' जोडली. चौथ्या दिवशी शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये ती पहिल्याच वळणावर उलटली आणि मुलगा ओरडत तिच्यामागे धावला. वहिनी गाडीत बसून बघत होत्या. बाकीची सोळा खोकी त्यांनी विकली. 'फ्रॉग' कॅलिफोर्नियाला गेली.

त्याच आठवड्यात मी माळ्यावरची 'हॉर्नेट' खाली काढली. पिनियन बदलला, टायर बदलले, ग्रीस नवे घातले. स्टिकर वाकडे लागलेत, असू देत.

मे ते सप्टेंबर, दर शनिवारी सकाळी नऊला मी माझी दोन्ही यंत्रे घेऊन मंडळाच्या हॉलमागच्या पार्किंग लॉटमध्ये असतो. प्रदर्शनातल्या त्या मुलाच्या आईवडिलांना निरोप दिला आहे. खोकीवाल्या काकांनाही आग्रहाचे आमंत्रण. रिमोटला आठ पेन्सिल सेल लागतात, ते मात्र आपापले आणावेत.