परसातील तरणतलाव आणि अवगाहाचे नाव

गेल्या दोन दशकांत पुणे, लोणावळा, नाशिक, अलिबाग या परिसरांत बंगल्याच्या अथवा शेतघराच्या परसात कुटुंबापुरता तरणतलाव बांधण्याची प्रथा वाढीस लागली आहे. पूर्वी गावोगावच्या मुलांनी पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहण्याचे धडे घेतले. आज अनेक विहिरी बुजल्या आणि नद्यांचे पाणी अंगाला लावण्याजोगे राहिले नाही. अशा स्थितीत आपल्या मुलांना घरीच पोहता यावे, ही पालकांची इच्छा रास्त आहे आणि तिला आमचा विरोध नाही. आमचा आक्षेप निराळ्या गोष्टीस आहे. तलाव बांधण्यापूर्वी गृहस्थ वैद्याकडे येतो आणि विचारतो, "घरच्या घरी अवगाहही होईल ना?" या प्रश्नाला संमतीदर्शक मान हलविणे सोपे असते. परंतु ती मान हलविताना आपण शास्त्राचे नाव एका बांधकामाला उसने देतो, याचा विचार वैद्यवर्गाने करावयास हवा.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायात साग्नि स्वेदाचे तेरा प्रकार सांगितले आहेत आणि अवगाह हा त्यांपैकी एक होय. वातहर द्रव्यांचा क्वाथ, दूध, तैल, घृत अथवा उष्ण जल यांनी भरलेल्या कोष्ठात रुग्णास बसविणे, असे त्याचे स्वरूप आहे. म्हणजे तेथे उष्णता हवी, द्रव्याची योजना हवी, स्नेहनपूर्वक तयार केलेला रुग्ण हवा आणि सम्यक् स्विन्न लक्षणांकडे लक्ष ठेवणारा वैद्य हवा. पोहण्याच्या तलावातील पाणी साधारणतः २६ ते २८ अंश सेल्सिअस, म्हणजे शरीराच्या तापमानापेक्षा सुमारे दहा अंशांनी थंड असते. अशा पाण्यात स्वेदन कसे घडावे? त्यास जलविहार म्हणता येईल, व्यायाम म्हणता येईल. अवगाहस्वेद म्हणता येणार नाही.

कोणी म्हणेल, तलावातच दशमूलाचा क्वाथ मिसळला तर? २५ फूट लांब, १२ फूट रुंद आणि सरासरी साडेचार फूट खोल अशा लहानशा तलावातही सुमारे ३८ हजार लिटर पाणी मावते. एवढ्या पाण्यात क्वाथाची मात्रा नगण्य ठरते. शिवाय वनस्पतिज द्रव्ये पाण्यातील क्लोरीन संपवून टाकतात आणि क्लोरीन नसेल तर तोच क्वाथ जंतूंचे पोषण करतो. द्रोणीतील द्रव एका रुग्णानंतर टाकून देता येतो. तलावातील पाणी महिनोन्महिने तेच राहते. हा भेद व्यवहारातील आहे, आणि म्हणूनच तो रुग्णाला सहज समजावून सांगता येतो.

मग वैद्याने काय सांगावे? पोहणे हा उत्तम व्यायाम आहे, हे निःसंकोचपणे सांगावे. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले असता पायांवरील भार जवळजवळ निम्मा होतो. म्हणून संधिगत वाताच्या वा स्थौल्याच्या रुग्णास पाण्यात चालणे सुसह्य होते. असे रुग्ण घरात असतील तर तलावाचा बराचसा भाग साडेतीन ते चार फूट खोलीचाच असावा, पायऱ्या रुंद असाव्यात आणि त्यांना धरावयास दांडा असावा. आठ फुटांचा खोल भाग घरातील वृद्धांच्या उपयोगाचा नाही आणि लहानांच्या जिवावर बेतणारा आहे. मात्र व्यायामाचे नियम येथेही लागू होतात. बलवान व स्निग्धभोजी पुरुषाने शीत ऋतूंत आणि वसंतात अर्धशक्ती व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी, हा वाग्भटांचा दंडक पाण्यात शिरल्याने रद्द होत नाही. अर्दित, नेत्ररोग, मुखरोग, कर्णरोग, अतिसार, आध्मान, पीनस, अजीर्ण आणि नुकतेच जेवलेला मनुष्य यांना अष्टांगहृदयात स्नान निषिद्ध मानले आहे. तलावात उतरण्यापूर्वी हीच यादी घरातील प्रत्येकाने डोळ्यांखालून घालावी. आमच्या मते तिची प्रत वैद्यानेच लिहून द्यावी.

खड्डा खणण्यापूर्वी जमिनीची प्रकृती पाहावी लागते. काळी जमीन ओलाव्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर योग्य पायाभरणीवाचून बांधलेल्या तलावास तडे जातात. कोकणात निराळा धोका असतो. पावसाळ्यात भूजल वर चढते आणि रिकामा तलाव खालच्या दाबाने उचलला जाऊ शकतो. म्हणून भर पावसात तलाव पूर्ण उपसू नये. मोहेंजोदडो येथील महास्नानगृह सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल आहे. त्याचा दाखला हल्ली वारंवार दिला जातो. परंतु त्या कारागिरांनी पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर दिला होता आणि पाणी काढून टाकण्यासाठी मोठी मोरी ठेवली होती, ही गोष्ट दाखला देणारे क्वचितच सांगतात.

बांधकाम एकदाच होते. पाण्याची निगा रोज घ्यावी लागते. मुक्त क्लोरीन दर लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आणि सामू ७.२ ते ७.८ या मर्यादेत ठेवावा लागतो. वरील तलावात क्लोरीनची मात्रा केवळ १ मिलिग्रॅमने वाढविण्यास ३३ टक्के क्लोरीन असलेली सुमारे ११५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर लागते, आणि दमट हवेत तिची शक्ती झपाट्याने घटते. घाम व मूत्र यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात. डोळ्यांची आग आणि तलावाचा उग्र वास हे बहुधा त्यांचेच कार्य होय. अभ्यंग करून तसेच पाण्यात उतरल्यास तेलाचा तवंग येतो, गाळणी तुंबते आणि क्लोरीन खर्ची पडते. म्हणून अभ्यंग पोहून आल्यावर करावा, किंवा आधी केल्यास उटणे लावून स्नान करावे आणि मगच पाण्यात उतरावे. कडुनिंबाचा पाला टाकून क्लोरीनला सुट्टी देण्याचा सल्ला कोणीही देऊ नये. सुश्रुतांनी सांगितलेली निर्मळी पाण्यातील गढूळपणा खाली बसवते. पण स्वच्छ दिसणारे पाणी निर्जंतुक असतेच असे नाही.

हा विषय किती गंभीर आहे हे केरळने दाखवून दिले आहे. तेथे २०२४ व २०२५ या वर्षांत अमीबाजन्य मस्तिष्कशोथाचे रुग्ण आढळले. त्यातील नेग्लेरिया हा अमीबा कोमट गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. क्लोरीनविरहित तलाव त्यास अनुकूल ठरतो. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ साली नळाच्या पाण्याने नेती केलेल्या दोन व्यक्ती याच रोगाने दगावल्या. नासामार्गाचे महत्त्व आपल्याहून अधिक कोणास ठाऊक असणार? तलावाच्या पाण्याने नेती करू नये आणि नेतीसाठी उकळून थंड केलेलेच पाणी घ्यावे, हे प्रत्येक वैद्याने स्पष्ट शब्दांत सांगावे.

त्याहून मोठा धोका बुडण्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी जवळजवळ एकचतुर्थांश पाच वर्षांखालील बालके होती. फ्रान्सने ३ जानेवारी २००३ च्या कायद्याने खाजगी तलावांना सुरक्षासाधन बंधनकारक केले. आपण कायद्याची वाट का पाहावी? तलावाच्या चारही बाजूंना किमान चार फूट उंच कुंपण, आपोआप मिटणारे फाटक आणि त्याला मुलाचा हात पोहोचणार नाही अशी कडी, एवढी व्यवस्था नसेल तर घरात लहान मूल असताना तलाव भरू नये, असे आमचे ठाम मत आहे. बाहूंनी नदी तरून जाऊ नये असे सद्वृत्तात सांगणारे आचार्य पाण्याला भीत नव्हते. ते पाण्याचे बळ ओळखून होते.

औषधनिर्माते व औषधविक्रेते बंधूंसही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. तलावाची रसायने हा जोडधंदा म्हणून दुकानात येऊ लागल्यास ती तैल, घृत, आसवारिष्टे यांच्याशेजारी कदापि ठेवू नयेत. कॅल्शियम हायपोक्लोराइट तेलाच्या संपर्कात आल्यास आग लागू शकते. ते आणि ट्रायक्लोरच्या वड्या एकत्र झाल्यास स्फोट होऊ शकतो, आणि आम्लाशी संयोग झाल्यास विषारी वायू सुटतो. तसेच 'वनौषधीयुक्त तलावचूर्ण' अशा नावाचे उत्पादन क्लोरीनला पर्याय म्हणून कोणी पुढे केल्यास ते विक्रीस ठेवू नये. त्या चूर्णावर आयुर्वेदाचे नाव असेल आणि अपघाताचा दोषही त्याच नावाला लागेल.

शेवटी पाण्याचा प्रश्न उरतोच. वरील तलावाची पातळी एक सेंटिमीटर उतरली की सुमारे २८० लिटर पाणी उडून गेलेले असते. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. ज्या गावात टँकर येतो तेथे तलाव भरू नये. जेथे भरावयाचा तेथे वापर नसताना त्यावर आच्छादन घालावे आणि पावसाळ्यात तो डासांचे घर होऊ देऊ नये.

तलाव बांधावा की बांधू नये, हे गृहस्थाने ठरवावे. त्यात कोणी, केव्हा व किती वेळ उतरावे हे सांगणे मात्र वैद्याचे काम आहे. रोजची निगा आणि भक्कम कुंपण यांची तयारी असणाऱ्यास आपण आनंदाने अनुमती द्यावी. ज्याची ती तयारी नाही, त्यास सार्वजनिक तरणतलावाची वाट दाखवावी. आणि अवगाह हवा असणाऱ्यास आपल्या चिकित्सालयातील द्रोणीत, उष्ण क्वाथात, आपल्या देखरेखीखाली बसवावे.